मांडीवरचा संगणक आणि दिल्लीचा जून महिना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर बोलणे झाले, नाट्यसंगीतावर झाले, पानिपतावरही झाले. त्या पंगतीत आमच्या पानावर लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि तीन पिनांचा प्लग वाढलेला पाहून काही सभासदांना नवल वाटले असेल. क्वचित हसूही आले असेल. कार्यकारिणीने हा विषय आम्हां तिघांकडे का सोपवला, ते आधी सांगितले पाहिजे. कारण त्यात आमच्याच चुकीची कबुली आहे. आमच्यापैकी एकाचे आयुष्य वीजखात्यात गेले, एक संगणकाच्या दुरुस्तीत मुरलेला, आणि तिसरी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. इतके जाणते घरात असूनही जे घडायचे ते घडले.

आपल्या हाती जी स्मरणिका पडणार आहे, तिच्या साहित्याची जमवाजमव दोन वर्षे चालू होती. जुन्या सभांची इतिवृत्ते, गणेशोत्सवाची कृष्णधवल छायाचित्रे, बसवलेल्या नाटकांची निमंत्रणपत्रे, असे सारे एका लॅपटॉपमध्ये उतरवले जात होते. शिवाय अकरा ज्येष्ठ सभासदांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केल्या होत्या. सरकारी नोकरीच्या निमित्ताने ऐन तारुण्यात दिल्लीला आलेली, सरोजिनी नगर आणि लोदी कॉलनीच्या क्वार्टरांत संसार थाटलेली ही मंडळी. पहाडगंजच्या गल्लीत मराठी शब्द कानी पडला की मागे वळून पाहणारी.

तो लॅपटॉप एका सभासदाने मंडळाला दिलेला होता. जुना, पण चालता. त्याची बॅटरी निकामी झाली होती. म्हणून तो सदैव भिंतीतल्या विजेवरच चाले. वरच्या मजल्यावरच्या खोलीत, धूळ बसू नये म्हणून एका आजींनी प्रेमाने विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली तो झाकून ठेवलेला असे; चालू असतानासुद्धा. २०२४ च्या जूनमध्ये, एका तापलेल्या दुपारी, त्यातील सर्व साहित्य दुसऱ्या डिस्कवर उतरवण्याचे काम चालू असताना वीज दोनदा गेली आणि दोनदा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा लॅपटॉप उघडला नाही.

नेहरू प्लेसमधील एका कुशल कारागिराने आठ दिवस खटपट करून बहुतेक सारे परत मिळवून दिले. दोन मुलाखती मात्र गेल्या. त्या दोघांपैकी एका आजोबांचे त्याच पावसाळ्यात निधन झाले.

यात वीजपुरवठ्याचा दोष किती आणि आमचा किती, याचा हिशेब आम्ही तिघांनी बसून मांडला. आमच्याच नावावर अधिक रक्कम निघाली. आज तो हिशेब आपल्यापुढे ठेवतो.

आरंभ उष्णतेपासून करू. १९ जून २०२४ ही तारीख आम्हांला महत्त्वाची वाटते. त्या दिवशी सफदरजंग वेधशाळेत किमान तापमान ३५.२ अंश नोंदले गेले. पुन्हा सांगतो, किमान. म्हणजे रात्रीतल्या सर्वांत थंड घटकेचे. आणि त्याच दिवशी दुपारी दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॅटवर पोहोचली, जी तोवरची सर्वाधिक होती. आता लॅपटॉपबरोबर येणारी ती बारीक टाइपातली माहितीपुस्तिका काढून पाहा. पुष्कळ उत्पादक तीत लिहितात की हे यंत्र १० ते ३५ अंश तापमानाच्या हवेत वापरावे. म्हणजे त्या दिवशी यंत्राला मानवणारी हवा दिल्लीत पहाटेसुद्धा नव्हती. भर दुपारची गोष्ट तर सोडाच; त्याआधी २९ मे रोजी याच सफदरजंगला ४६.८ अंशांची नोंद झाली होती. (त्याच दिवशी मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले आणि जगभर बोभाटा झाला. पुढे हवामान खात्याने तपासणी करून तेथील संवेदक सुमारे तीन अंश अधिक दाखवीत असल्याचे सांगितले. उन्हाने मापकालाही भोवळ यावी, हा दिल्लीचाच महिमा.)

लॅपटॉपच्या पोटात काय चालते, ते थोडक्यात सांगतो. सारी आकडेमोड करणारी जी चिप असते, ती हाताच्या अंगठ्याच्या नखापेक्षा फार मोठी नसते. पण ती जेवढी वीज घेते, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ती उष्णता तांब्याच्या चपट्या नळ्यांतून एका कडेला नेली जाते. तेथे पातळ पत्र्यांची दाट जाळी असते आणि एक छोटा पंखा त्या जाळीतून हवा फुंकतो. हवा बहुधा खालच्या अंगाने आत येते आणि पाठीमागून किंवा बाजूने बाहेर जाते. यंत्राचा श्वासोच्छ्वास तो हाच.

आता एक साधे गणित. खोलीतली हवा २५ अंश असताना चिप ७५ अंशांवर राहत असेल, तर दोहोंतला फरक ५० अंशांचा. काम तेच आणि पंख्याची गतीही तीच असेल, तर हा फरकही जवळपास तोच राहतो. खोली ४२ अंशांवर गेली की चिप ९२ वर. शंभराच्या आसपास पोहोचताच ती स्वसंरक्षणासाठी आपली गती आपणच कमी करते; तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद पडते. तेव्हा लॅपटॉप दुपारी रेंगाळतो आणि रात्री एसी लावल्यावर सुरळीत चालतो, अशी तक्रार असेल तर त्याला विषाणू झाला म्हणून कुणाला पैसे मोजू नका. त्याला ऊन लागले आहे.

आणि आम्ही काय केले होते? वरच्या मजल्याची तापलेली खोली, जुने यंत्र आणि त्यावर लोकरीचा रुमाल. माणसाला ज्येष्ठात रजई पांघरावी, तसे.

नावातच घोटाळा आहे. लॅप म्हणजे मांडी, आणि मांडी हीच या यंत्राला सर्वांत वाईट बैठक. त्याहून वाईट गादी. गादी खालून दबते, हवेच्या फटी बुजतात आणि यंत्र गुदमरते. २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत कचेरी आणि शाळा एकदम शिरल्या. टेबले पुरेनात, तेव्हा पलंगावर लोड टेकून कामे सुरू झाली. ती सवय अजून गेलेली नाही. टेबल नसेल तर घरातला लाकडी पाट घ्यावा. खाली कठीण, सपाट जागा हवी, एवढीच अट आहे. पाठीमागच्या दोन पायांखाली बोटभर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून तो भाग उचलला की हवेला वाट मिळते. एका सभासदांनी त्यासाठी दोन जुने दिवाळी अंक वापरले आणि उपयोग झाल्याचे आवर्जून सांगितले. दिवाळी अंकांचा हा उपयोग संपादकांना कितपत रुचेल, ते आम्ही सांगू शकत नाही. पण फटी झाकल्या जात नसतील तर शास्त्राची हरकत नाही.

कूलरविषयी दोन शब्द. बरसातीत राहणारी आपली मुले, म्हणजे करोल बागेत आणि राजेंद्र नगरात परीक्षांच्या अभ्यासासाठी महाराष्ट्रातून आलेली, कूलरच्या झोतापुढेच लॅपटॉप मांडून बसतात. मे-जूनच्या कोरड्या हवेत कूलर खोली थंड करतो आणि ते यंत्राच्या हिताचेच असते. मात्र झोत थेट अंगावर घेऊ नये. त्यात पाण्याचे तुषार असतात, आणि दिल्लीच्या पाण्यातले क्षार तुषारांबरोबर आत जाऊन बसतात. जुलैत हवा दमट झाली की कूलर नुसता ओलावा देतो. तेव्हा खिडकी उघडून साधा पंखा लावणे अधिक शहाणपणाचे.

धूळ हा दिल्लीचा दुसरा ऋतू. मे महिन्यातली आंधी, वर्षभर चाललेली बांधकामे आणि नोव्हेंबरातला धूर, यांतले सूक्ष्म कण पंख्यावाटे आत जातात आणि त्या पत्र्यांच्या जाळीवर नमद्यासारखा थर धरतात. आमचे दुरुस्तीवाले सहकारी सांगतात, की पंखा मोठ्याने घोंघावतो पण बाहेर येणारी हवा क्षीण, असे झाले की थर धरला समजावे. वर्षातून एकदा, शक्यतो एप्रिलमध्ये, तो साफ करून घ्यावा. यंत्र पूर्ण बंद करून, चार्जर काढून, हवेच्या फुंकणीने करावा. घरच्या झाडूपोछ्याचा व्हॅक्युम क्लीनर त्याला लावू नये. चिप आणि तांबे यांच्यामध्ये एक लेप असतो, तो काही वर्षांनी सुकतो. तो बदलणे जाणत्याचे काम आहे.

गाडीत ठेवलेला लॅपटॉप हा एक स्वतंत्र अध्याय होईल, पण एका वाक्यात आटोपतो. गुरुग्रामच्या उघड्या वाहनतळावर जूनच्या उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तासाभरात साठ अंशांच्या आसपास उष्णता होऊ शकते, आणि ती कुठल्याही बॅटरीला मानवत नाही.

आता बॅटरीकडे वळतो. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणली. तिच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. आपल्या मंडळातील ज्येष्ठांनी निराश होण्याचे कारण नाही.

या बॅटरीचे दोन शत्रू : उष्णता आणि भरलेले पोट. दोन्ही एकत्र आले की ती झपाट्याने म्हातारी होते. ढोबळ मानाने सांगायचे तर ४० अंशांत पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी वर्षभरात आपली सुमारे एक तृतीयांश शक्ती गमावते. निम्मी भरून ठेवलेलीचे नुकसान त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. आपल्याकडे मात्र लॅपटॉप दिवसरात्र चार्जरला जोडलेला, बॅटरी शंभर टक्के, आणि हवा चाळीस अंश. आजकालच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय असते. घरातल्या मुलाकडून ती आजच चालू करून घ्यावी. जुन्या काळच्या बॅटरीला पूर्ण रिकामी करून पूर्ण भरण्याचा जो उपदेश केला जाई, तो हिला लागू नाही.

बॅटरी फुगली तर? झाकण नीट मिटेनासे होते, किंवा बोटाने सरकवायची पाटी वर उचलली जाते. असे दिसताच यंत्र बंद करावे, चार्जर काढावा आणि ते पलंगापासून, पडद्यापासून दूर फरशीवर ठेवावे. दाबून बसवण्याचा, सुईने टोचून वायू काढण्याचा प्रयत्न कुणीही करू नये. आत पेटणारे द्रव्य असते. २००६ साली डेल कंपनीने अशाच पेट घेण्याच्या भीतीने ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, यावरून गांभीर्य लक्षात यावे. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

येथवर उष्णता झाली. आता वीज.

ज्येष्ठांना 'देसू'चे दिवस आठवत असतील. १९९७ साली 'देसू' जाऊन दिल्ली विद्युत बोर्ड आले, आणि १ जुलै २००२ रोजी बोर्ड विसर्जित होऊन वितरणाचे काम तीन कंपन्यांकडे गेले. त्या आधीच्या उन्हाळ्यांत रात्री दहाला गेलेली वीज पहाटे येई, आणि गच्चीवर बाजा टाकून सगळा मोहल्ला झोपे. त्या मानाने आज दिल्ली शहरात फार सुधारणा आहे, हे कबूल केले पाहिजे. पण आपले सभासद आता केवळ दिल्लीत नाहीत. गुरुग्राम आणि फरिदाबाद हरियाणात, नोएडा आणि गाझियाबाद उत्तर प्रदेशात. एकाच मंडळाच्या कुटुंबांना तीन राज्यांच्या व्यवस्थांतून वीज मिळते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेची वीजजाळी लागोपाठ कोसळली, मेट्रो जागच्या जागी थांबली, तो प्रसंग अपवादाचा. आपला खरा त्रास रोजचा आणि किरकोळ असतो : वीज जाणे, लगेच येणे, सोसायटीचा जनरेटर सुरू होणे, पुन्हा मुख्य विजेवर येणे. डिझेल जनरेटरवर १ ऑक्टोबर २०२३ पासून प्रदूषणाच्या कारणाने कडक निर्बंध आले. ते योग्यच आहेत, पण त्यानंतर कित्येक घरांत इन्व्हर्टरवरचा भार वाढला.

चार्जर ज्याला म्हणतो, त्या काळ्या डबीचे काम समजून घेऊ. भिंतीतून २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज येते. डबी तिची एकाच दिशेने वाहणारी सुमारे १९ व्होल्टची वीज करते. डबीवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. याचा अर्थ असा, की व्होल्टेज कमी झाल्याने लॅपटॉपचे सहसा काही बिघडत नाही. टीव्हीसाठी घेतलेला जुना स्टॅबिलायझर काहीजण अजून लॅपटॉपला लावतात. त्याची गरज नाही. धोका आहे तो वरच्या अंगाला, २४० च्या पलीकडे.

तेथे व्होल्टेज कसे जाते? याचे एक कारण सर्वसामान्यांना ठाऊक नसते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. इमारतीत वीज तीन फेजच्या तारांनी येते आणि एक चौथी तार असते, तिला न्यूट्रल म्हणतात. कोणत्याही एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत २३० व्होल्ट. पण दोन फेजांमध्ये ४०० व्होल्ट. वायरमन घरे वाटून देतो : काही लाल फेजवर, काही पिवळ्यावर, काही निळ्यावर. न्यूट्रल सर्वांची परतीची वाट. आता उन्हाळ्यात एसीच्या भाराने तापून, जोड सैल होऊन ही समाईक न्यूट्रल तुटली, तर काय होईल? विजेला परतीची वाट राहत नाही, म्हणून ती तुमच्या घरातून निघून शेजाऱ्याच्या घरातून दुसऱ्या फेजला जाऊन मिळते. दोन घरे मिळून ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात, आणि वाटणी समान होत नाही. ज्या घरात दोन एसी चालू आहेत त्याच्या वाट्याला अगदी थोडे येतात. ज्या घरात एक दिवा आणि एक लॅपटॉप चालू आहे त्याच्या वाट्याला तीनशेच्या वर. काटकसर करणाऱ्यालाच शिक्षा, असा हा विचित्र न्याय आहे.

याची खूण ध्यानात ठेवा. काही घरांतले दिवे एकाएकी मंद आणि काही घरांतले डोळे दिपतील इतके प्रखर. पंखा कधी नव्हे एवढ्या वेगाने फिरू लागतो. अशा वेळी चौकशीला जिन्यात जाऊ नका. आधी मेन स्विच बंद करा. व्होल्टेज मर्यादेबाहेर जाताच घराची वीज आपोआप तोडणारे एक छोटे साधन मीटरशेजारच्या बोर्डात बसवता येते. सोसायटीच्या सभेत रंगरंगोटीचा विषय निघतो, तेव्हा हा विषयही काढावा, अशी आमची विनंती आहे.

दुसरा धोका वीज परत येण्याच्या क्षणाचा. वस्तीतले सारे एसी, फ्रिज, मोटारी एकदम सुरू होऊ पाहतात आणि पहिली काही मिनिटे व्होल्टेज हेलकावे खाते. यावर उपाय फुकटचा आहे. मेजावरच्या संगणकाजवळ नाही ती गोष्ट लॅपटॉपजवळ आहे, ती म्हणजे स्वतःची बॅटरी. वीज जाताच प्लग काढून ठेवावा. आल्यावर पाच मिनिटे थांबून लावावा. ढग गडगडू लागले तरी हेच. आमच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती, म्हणून त्याला हा आसरा नव्हता. वीज गेली त्या क्षणी डिस्कवर लिहिणे अर्धवट राहिले, आणि दोनदा तसे झाल्यावर पुढचे झाले. निकामी बॅटरीचा लॅपटॉप म्हणजे कधीही तुटणाऱ्या दोरीवर चालणारा डोंबारी. बॅटरी बदला, नाहीतर त्याच्यावर मोलाचे काम ठेवू नका.

इन्व्हर्टरवर लॅपटॉप खुशाल चालवावा. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर उत्तम. चौकोनी लहरीचा असेल तर चार्जर अधिक तापतो, गुणगुणतो. वायफायच्या डबीला मात्र बॅटरी नसते, म्हणून वीज बदलण्याच्या निमिषात तिचा जीव जातो आणि मुलाची ऑनलाइन परीक्षा तुटते. तिच्यासाठी हल्ली छोटा यूपीएस मिळतो. तो घेण्यासारखा आहे.

चार्जर हरवला किंवा जळला की आपण नेहरू प्लेस गाठतो. तेथे अस्सल आणि नक्कल एकाच टोपलीत असतात. आकडे जुळवावेत : १९ व्होल्ट ३.४२ ॲम्पिअर म्हणजे ६५ वॅट. व्होल्ट जुन्याइतकेच हवेत. ॲम्पिअर तेवढे किंवा अधिक चालतील, कमी नकोत. पिन खोबणीत बसते एवढ्यावर विश्वासू नये. टाइप-सी तारेचा असेल तर वॅट पाहावेत. फोनच्या वीस वॅटांवर लॅपटॉपचे पोट भरत नाही. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, आय. एस. १३२५२ हा मानक क्रमांक आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक डबीवर छापलेला हवा. हातात घेऊन पाहा; आत संरक्षणाचे घटक गाळलेली डबी बहुधा हलकी लागते. काम करताना डबी उशीखाली किंवा पांघरुणात जाऊ देऊ नये. तिलाही हवा लागते.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर मनगट टेकले की बारीक झिणझिण्या येतात, असे पुष्कळ भगिनींनी आम्हांला सांगितले. चार्जरमधून येणारी ती अगदी क्षीण वीज असते आणि तिने सहसा इजा होत नाही. पण ती अर्थिंगच्या वाटेने जमिनीत जायला हवी होती. ती तुमच्या मनगटाकडे आली, याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की प्लग दोन पिनांचा आहे किंवा भिंतीतले अर्थिंग नावापुरते आहे. लॅपटॉपला ते चालून जाईल. त्याच भिंतीवर लोखंडी कूलर असेल आणि खाली पाणी सांडलेले असेल, तर चालून जाणार नाही. जुलै २०२४ मध्ये पटेल नगर भागात पावसाचे पाणी साचलेल्या गल्लीत लोखंडी फाटकाला हात लागून एका स्पर्धापरीक्षेच्या विद्यार्थ्याचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. मुलगा दिल्लीला खोली घेऊन राहणार असेल, तर भाडे किती हे विचारण्याआधी वायरमन नेऊन अर्थिंग आहे का ते पाहावे. आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बोर्डात आहे का, तेही.

अशा खोल्यांत एका सॉकेटावर एक एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर दुसरा, असे झाड वाढलेले असते. लॅपटॉपचा भार थोडा, ६५ वॅट. दहा लॅपटॉप लावले तरी ६५०. पण साध्या ६ ॲम्पिअरच्या सॉकेटाची मर्यादा सुमारे १,३८० वॅट, आणि चहाची एक विजेची किटलीच १,५०० घेते. ती त्याच बोर्डावर लागली की तार तापते, जोड वितळतो आणि लॅपटॉपला फुरफुरणारी वीज मिळते. १५ जून २०२३ रोजी मुखर्जी नगरात एका शिकवणीवर्गाच्या इमारतीत विजेच्या मीटरपाशी आग लागली, आणि मुले खिडकीतून दोराला धरून खाली उतरली. ती दृश्ये आपण सर्वांनी पाहिली. लातूर, नांदेड, सोलापूरहून त्या रात्री किती फोन आले असतील!

राहता राहिली प्रत ठेवण्याची गोष्ट. आम्ही प्रत काढतच होतो, असे समर्थन आम्ही प्रथम करून पाहिले. पण दोन वर्षांचे साहित्य एकाच यंत्रात ठेवून, उन्हाळ्याच्या शिखरावर, भर दुपारी प्रत काढायला बसणे, याला समर्थन नाही. आता मंडळाने नियम केला आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रण त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी जाते : एक बाहेरच्या डिस्कवर, जी दुसऱ्या सभासदाच्या घरी राहते, आणि एक इंटरनेटवरच्या साठ्यात. आपणही घरातली लग्नाची छायाचित्रे, आईवडिलांचे आवाज, मुलांचे प्रबंध असेच ठेवावेत. प्रत काढायची वेळ सकाळची. बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी.

हरवलेल्या दोन मुलाखतींपैकी दुसरी मुलाखत ज्या आजींची होती, त्यांच्याकडे आम्ही दिवाळीनंतर पुन्हा गेलो. त्या आता द्वारकेला मुलाकडे असतात. पहिल्या वेळी त्यांनी मिंटो रोडच्या घरी बसवलेल्या पहिल्या हळदीकुंकवाची हकीकत सांगितली होती. तीच पुन्हा सांगा, असे आम्ही म्हणालो. त्या म्हणाल्या, "ती सांगून झाली ना? आता दुसरी सांगते." आणि १९६५ च्या युद्धाच्या वेळी खिडक्यांना काळे कागद लावून, कंदिलाची वात बारीक करून, धाकट्याला अक्षरे कशी गिरवायला शिकवली, ते त्या पाऊण तास सांगत राहिल्या. ते ध्वनिमुद्रण सुखरूप आहे. त्याचे शब्दांकन याच स्मरणिकेत आपल्याला वाचायला मिळेल. आजोबांचे मात्र छायाचित्र तेवढे छापले आहे.